पक्षाचं दार बंद, मंत्रिमंडळाचं उघडं: हरेदी वकील ओमेर यांकेलेविच मंत्री कशा झाल्या?

२५ जून २०२४ रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: धर्मपाठशाळेत शिकणाऱ्या हरेदी, म्हणजे ज्यूंमधल्या कडव्या धर्मनिष्ठ समाजातल्या, तरुणांना लष्करी सेवेतून सरसकट सूट देण्याला कायद्याचा आधार उरलेला नाही. तेव्हापासून हरेदी पक्ष सतत बातम्यांत आहेत. जुलै २०२५ मध्ये त्यांच्यातल्या एका आघाडीने याच मुद्द्यावर नेतन्याहू सरकारचा पाठिंबा काढला. त्या बातम्यांसोबतचे फोटो नीट पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. काळे कोट, काळ्या टोप्या, पांढरे सदरे, लांब दाढ्या. बाई एकही नाही. नेत्यांमध्ये नाही, आमदारांमध्ये नाही, उमेदवारांमध्येही नाही.

आणि तरीही, १७ मे २०२० रोजी याच समाजातल्या एका वकील महिलेने इस्रायलच्या मंत्रिपदाची शपथ घेतली. ओमेर यांकेलेविच हे त्यांचं नाव. इस्रायलच्या इतिहासातल्या त्या पहिल्या हरेदी महिला मंत्री. ज्या समाजाचे पक्ष बाईला साधी उमेदवारीही देत नाहीत, तिथली बाई थेट मंत्रिमंडळात कशी पोहोचली? हे कोडं सोडवताना इस्रायलची निवडणूक पद्धत, तिथला धर्म आणि कायदा यांचा गुंता, आणि घर चालवणाऱ्या बाईची ताकद, या तिन्हींची ओळख होते.

हरेदी म्हणजे नेमके कोण?

इस्रायलमधले सगळे ज्यू सारखे धार्मिक नाहीत. मोठा वर्ग धर्मनिरपेक्ष आहे. सण पाळणारा, पण शनिवारी गाडी चालवणारा असाही मोठा वर्ग आहे. ‘राष्ट्रीय धार्मिक’ म्हणवणारे लोक धर्म कसोशीने पाळतात, पण लष्करात जातात, विद्यापीठात शिकतात, आधुनिक राज्याला धार्मिक अर्थ देतात. हरेदी यांच्याहून वेगळे. हा ज्यूंमधला सर्वांत कडवा धर्मनिष्ठ समाज. त्यांची वस्ती वेगळी, शाळा वेगळ्या, वर्तमानपत्रं वेगळी. लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे १३ ते १४ टक्के, आणि कुटुंबं मोठी असल्यामुळे तो झपाट्याने वाढतो आहे.

हरेदी पुरुषाचा आदर्श म्हणजे आयुष्यभर तोरा आणि तालमूद या धर्मग्रंथांचा अभ्यास. राजकारणात त्यांचे दोन मुख्य गट आहेत: मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतून आलेल्या ज्यूंचा ‘शास’, आणि युरोपीय वंशाच्या हरेदींची ‘युनायटेड तोरा ज्युडाइझम’ ही आघाडी. या आघाडीतला जुना पक्ष ‘अगुदात इस्राएल’ १९१२ मध्ये स्थापन झाला, इस्रायल हे राज्य जन्माला येण्याच्या ३६ वर्षं आधी. कोणती भूमिका घ्यायची, कोणाला पाठिंबा द्यायचा, हे या पक्षांत ज्येष्ठ धर्मगुरूंचं मंडळ ठरवतं. निवडून आलेले आमदार त्यांच्या आज्ञेतले.

मग अशा समाजातली बाई वकील कशी होते?

इथे बाहेरच्या माणसाची पहिली समजूत कोसळते. हरेदी बाई म्हटलं की घराच्या चार भिंती डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात घराबाहेर पडून कमावणारी व्यक्ती बहुतेकदा तीच असते. नवरा पाठशाळेत शिकतो, त्याला तुटपुंजं विद्यावेतन मिळतं. भाडं, दूध, पोरांच्या फिया हे सगळं बायकोच्या पगारावर. हरेदी पुरुषांपैकी नोकरीधंदा करणारे जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक, तर स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आहे.

मुलींच्या शाळांमध्ये गणित, इंग्रजी, व्याकरण हे विषय मुलांच्या शाळांपेक्षा जास्त शिकवले जातात, कारण मुलाने फक्त धर्मग्रंथ शिकायचे असतात आणि मुलीला पुढे नोकरी करायची असते. या शाळांची मोठी साखळी म्हणजे ‘बेत याकोव’. तिची सुरुवात क्राकूवमध्ये १९१७ साली सारा श्नायरर या शिवणकाम करणाऱ्या बाईने केली. धर्मनिष्ठ घरातल्या मुलींना कुणी काही शिकवतच नाही, ही त्यांची तळमळ होती. सुरुवातीला नाकं मुरडणाऱ्या धर्मगुरूंनी नंतर या शाळांना पाठिंबा दिला. मला हा सगळ्या कथेचा खरा पाया वाटतो, कारण शंभर वर्षांनी संसदेत पोहोचलेली बाई याच वर्गांतून शिकून गेली होती.

ओमेर यांकेलेविच यांचा जन्म १९७८ मधला, तेल अवीवचा. बेत याकोवमध्ये शिक्षण, मग उत्तर इंग्लंडमधल्या गेट्सहेड इथे हरेदी मुलींच्या प्रसिद्ध संस्थेत पुढचा अभ्यास. परत आल्यावर अध्यापन. इथवरचा रस्ता हजारो हरेदी मुली चालतात. पुढे त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं, वकिली केली आणि समाजातल्या दुर्बल घटकांसाठी काम करणारी संस्था उभी केली. लग्न, पाच मुलं, बेत शेमेश या शहरात घर. डोक्यावर विवाहित धार्मिक स्त्रीला साजेसं आच्छादन, अंगावर पूर्ण बाह्यांचे कपडे. म्हणजे त्या समाज सोडून बाहेर पडल्या नाहीत. समाजात राहूनच त्यांनी वकिली केली आणि पुढे राजकारणही.

धर्मातच मनाई आहे का?

हा प्रश्न सरळ दिसतो, पण त्याची उत्तरं अनेक आहेत. विरोध करणारे दोन आधार देतात. बाराव्या शतकातले थोर धर्मपंडित मैमोनिदेस यांनी लिहून ठेवलं की राजेपदावर आणि अधिकाराच्या कोणत्याही पदावर फक्त पुरुष नेमावा. दुसरा आधार शालीनतेच्या कल्पनेचा: राजकन्येचं वैभव आत असतं, या अर्थाचं स्तोत्रातलं वचन वारंवार सांगितलं जातं.

पण बायबलमध्येच दवोरा ही न्यायनिवाडा करणारी, लढाईला निघालेल्या सेनापतीला आज्ञा देणारी स्त्री आहे. आणि हा वाद शंभर वर्षांपूर्वी अगदी उघडपणे झाला. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या प्रतिनिधिसभेची निवडणूक १९२० मध्ये झाली, तेव्हा स्त्रियांना मत द्यावं की नाही यावर रणकंदन माजलं. रब्बी अब्राहाम कूक, जे पुढे पहिले मुख्य धर्मगुरू झाले, त्यांनी विरोध केला. रब्बी बेनझियोन उझिएल, जे नंतर त्याच तोलाच्या पदावर बसले, त्यांनी मात्र लिहिलं की बाई मत देऊ शकते आणि निवडूनही येऊ शकते. त्यांचा युक्तिवाद आजही ताजा वाटतो. मैमोनिदेस बोलतात ते लादलेल्या नेमणुकीबद्दल. निवडणुकीत तर लोक स्वतःहून त्या व्यक्तीचा अधिकार मान्य करतात, मग अडचण कुठे?

दोघेही श्रद्धावान, दोघेही प्रकांड पंडित. म्हणजे ‘धर्म सांगतो’ असं कुणी म्हटलं की धर्मातला कोण सांगतो हे विचारायला हवं. राष्ट्रीय धार्मिक पक्षाने उझिएल यांच्या बाजूला झुकत १९५९ मध्येच तोवा सान्हेद्राई यांना संसदेत पाठवलं. हरेदी पक्ष अजून तिथवर आलेले नाहीत.

मतदान तर करतात ना? मग उमेदवारी का नाही?

करतात, आणि मोठ्या संख्येने करतात. राज्य स्थापन झाल्यावर हरेदी धर्मगुरूंनी स्त्रियांना मतदानाची मुभाच काय, सूचनाच दिली. बायकांना घरी बसवलं तर आपलीच मतं निम्मी होतील, हा हिशेब उघड होता. त्यामुळे आज हरेदी पक्षांच्या मतांपैकी जवळपास निम्मी मतं स्त्रियांची असतात, आणि त्या मतांवर निवडून येणारे शंभर टक्के पुरुष असतात. २०२२ च्या निवडणुकीत शासचे ११ आणि तोरा आघाडीचे ७, असे १८ हरेदी प्रतिनिधी आले. अठराच्या अठरा पुरुष.

ज्या देशात १९६९ मध्ये गोल्डा मेयर पंतप्रधान झाल्या, तिथे हे कसं चालतं, असं वाचकाला वाटेल. उत्तर असं की गोल्डा मेयर मजूर पक्षाच्या होत्या. उमेदवार कोण असावा, हे इस्रायलमध्ये त्या त्या पक्षाच्या हाती असतं. अर्ध्या जागा स्त्रियांना द्या असं सांगणारा राष्ट्रीय कायदा तिथे नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्यामुळे कोणत्याही पक्षाला उमेदवार बाई शोधावीच लागते. हरेदी पक्षांवर असं कोणतंच बंधन नाही.

हा विरोध किती खोल आहे, याचं एक उदाहरण पुरेसं आहे. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसला दहशतवादाविरुद्ध जगभरच्या नेत्यांचा मोर्चा निघाला. ‘हामेवासेर’ या हरेदी दैनिकाने तो फोटो छापताना पहिल्या रांगेतल्या जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांना संगणकावर पुसून टाकलं. बाईचा फोटो छापायचा नाही, हा तिथला नियम. आता अशा वर्तमानपत्रांच्या वाचकांपुढे उमेदवार बाईने प्रचार कसा करायचा?

मग यांकेलेविच निवडून आल्या तरी कशा?

इथे इस्रायलची निवडणूक पद्धत समजून घ्यावी लागते, कारण सगळी किल्ली तिथेच आहे.

तिथल्या संसदेला क्नेसेट म्हणतात. १२० जागा. पण आपल्यासारखे मतदारसंघ नाहीत; सगळा देश हाच एक मतदारसंघ. मतदार व्यक्तीला मत देत नाही, पक्षाला देतो. प्रत्येक पक्ष निवडणुकीआधी उमेदवारांची क्रमवार यादी जाहीर करतो. ज्या पक्षाला किमान ३.२५ टक्के मतं मिळाली, त्याला मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. ३५ जागा मिळाल्या तर यादीतली पहिली ३५ नावं आमदार.

रेल्वेच्या आरक्षणाचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. जितक्या जागा, तितकी वरची नावं पक्की. उरलेली प्रतीक्षा यादीत. डब्यातलं कुणी उतरलं की प्रतीक्षा यादीतलं पुढचं नाव आत येतं. इस्रायलमध्ये आमदाराने राजीनामा दिला तर पोटनिवडणूक होत नाही, यादीतली पुढची व्यक्ती क्नेसेटमध्ये येते. आणि तक्त्यावर कुणाचं नाव कितवं, हे प्रवासी ठरवत नाहीत.

या पद्धतीचा अर्थ असा की तुमच्या मोहल्ल्याने तुम्हाला एकही मत दिलं नाही, तरी मोठ्या पक्षाच्या नेत्याने यादीत वरचं स्थान दिलं की तुम्ही संसदेत. २००८ मध्ये असंच झालं होतं. झ्विया ग्रीनफील्ड या हरेदी विदुषी डाव्या, धर्मनिरपेक्ष ‘मेरेत्झ’ पक्षाच्या यादीत खाली होत्या. वरच्या एका आमदाराने राजीनामा दिला आणि त्या क्नेसेटमध्ये आल्या. हरेदी समाजातली पहिली महिला आमदार. काही महिन्यांतच निवडणूक झाली आणि त्यांची कारकीर्द संपली.

दुसरा मार्गही करून पाहिला गेला. २०१५ मध्ये रूथ कोलियन यांनी हरेदी स्त्रियांचा स्वतंत्र पक्ष काढला. धैर्य विलक्षण, पण मतं दोन हजारही पडली नाहीत. लाखाहून अधिक मतांचा उंबरठा असलेल्या निवडणुकीत त्यांचा निभाव लागणं अशक्यच होतं. बाजूला राहून स्वतंत्र लढणाऱ्या बाईला ही पद्धत चिरडते, आणि मोठ्या यादीत शिरलेल्या बाईला उचलून नेते. हे दोन अनुभव शेजारी ठेवले की यांकेलेविच यांनी निवडलेली वाट कळते.

२०१९ च्या सुरुवातीला माजी लष्करप्रमुख बेनी गान्त्झ यांनी नवा पक्ष काढला आणि इतर दोन पक्षांबरोबर ‘निळा-पांढरा’ ही आघाडी केली. नेतन्याहूंना पर्याय द्यायचा तर यादीत समाजाचा प्रत्येक थर दिसायला हवा होता. त्या यादीत यांकेलेविच यांना निवडून येण्याजोगं स्थान मिळालं. एप्रिल २०१९ मध्ये आघाडीने ३५ जागा जिंकल्या आणि त्या आमदार झाल्या. सरकार काही बनेना, म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा मार्च २०२० मध्ये निवडणुका झाल्या. तिन्ही वेळा त्या निवडून आल्या. मग कोविडच्या सावटाखाली गान्त्झ यांनी नेतन्याहूंशी हातमिळवणी केली, आघाडी फुटली, यांकेलेविच गान्त्झ यांच्यासोबत राहिल्या आणि मंत्री झाल्या. त्याच दिवशी पनिना तमानो-शाता यांनीही शपथ घेतली. त्याही वकील, आणि इथिओपियात जन्मलेल्या पहिल्या मंत्री.

त्या मंत्रिमंडळात शासचे आर्ये देरी होते, तोरा आघाडीचे याकोव लित्झमन होते. आपल्या पक्षात बाईला जागा न देणारे हे नेते आता आपल्याच समाजातल्या बाईबरोबर मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसत होते. कोणत्याही धर्मगुरूच्या परवानगीशिवाय हे घडलं, याचं महत्त्व मला फार मोठं वाटतं.

‘मग त्या हरेदींच्या प्रतिनिधी कशा?’

हा आक्षेप त्यांच्यावर सतत घेतला गेला आणि तो पोकळ नाही. त्यांची आघाडी धर्मनिरपेक्ष मतदारांच्या जोरावर निवडून आली होती. त्या आघाडीतले दुसऱ्या क्रमांकाचे नेते याइर लापिद, हरेदी तरुणांनी लष्करात गेलंच पाहिजे असं सांगणारे. हरेदी वस्त्यांत त्यांच्याबद्दल प्रचंड राग. अशा लोकांबरोबर गेलेली बाई आमची कशी, असं तिथे विचारलं जाणं स्वाभाविक होतं.

पण याची दुसरी बाजू पाहा. हरेदी बाईला स्वतःच्या पक्षात उभं राहता येत नाही, आणि दुसऱ्या पक्षातून उभी राहिली तर ती आपली राहत नाही. म्हणजे तिने कुठूनच उभं राहू नये, हाच निष्कर्ष निघतो. समाजाचं प्रतिनिधित्व म्हणजे त्याच्या पुढाऱ्यांचं प्रतिनिधित्व एवढंच मानायचं का? आठ तास नोकरी करून, घरी येऊन सात लेकरांचं बघणाऱ्या बाईचे प्रश्न, तिचा पगार, तिच्या छातीतल्या गाठीची वेळेवर तपासणी, घरातली मारहाण, हे कुणी संसदेत मांडायचे? एस्ती शुशान आणि त्यांच्या सहकारी हरेदी स्त्रियांनी २०१२ पासून ‘आम्हाला उमेदवारी नाही तर आमचं मतही नाही’ अशी मोहीम चालवली, ती याच प्रश्नावरून.

यांकेलेविच यांच्याकडे खातं कोणतं होतं?

डायस्पोरा, म्हणजे इस्रायलबाहेर राहणाऱ्या ज्यूंशी संबंधांचं खातं. जगात ज्यूंची संख्या सुमारे दीड कोटी. त्यातले निम्म्याहून जास्त इस्रायलच्या बाहेर, मुख्यतः अमेरिकेत. खातं लहान, निधी मर्यादित. अर्थ किंवा संरक्षणाशी तुलना होऊ शकत नाही, आणि म्हणून काहींनी ही शोभेची नेमणूक मानली.

पण या खात्याची नाडी नाजूक आहे. अमेरिकेतले बहुसंख्य ज्यू सुधारणावादी पंथांचे. तिथे स्त्रिया धर्मगुरू होतात, स्त्री-पुरुष एकत्र प्रार्थना करतात. इस्रायलचं अधिकृत धर्मपीठ हे पंथ मानत नाही. जेरुसलेममधल्या, ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीपाशी एकत्र प्रार्थनेसाठी वेगळी जागा देण्याचा निर्णय सरकारने जानेवारी २०१६ मध्ये केला आणि हरेदी पक्षांच्या दबावाखाली जून २०१७ मध्ये गुंडाळून ठेवला. अमेरिकेतले ज्यू संतापले. ती जखम भरलेली नसताना हे खातं हरेदी बाईकडे आलं. यांकेलेविच यांनी असा प्रस्ताव मांडला की ज्या निर्णयांचा परिणाम जगभरच्या ज्यूंवर होतो, ते घेण्याआधी सरकारने त्यांच्याशी सल्लामसलत करणं कायद्याने बंधनकारक असावं. वकिलाचं डोकं इथे दिसतं: भावनिक आवाहनांवर न थांबता प्रक्रियाच कायद्यात लिहून घ्यायची. त्याचा कायदा झाला नाही. सरकार टिकलंच नाही.

संसदेत धार्मिक बाई असल्याने फरक काय पडतो?

इस्रायलमध्ये नागरी विवाह नाही. १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवले. तिथे न्यायाधीश फक्त पुरुष. घटस्फोटाचं पत्र नवऱ्याने स्वखुशीने द्यावं लागतं. त्याने अडवून धरलं तर बाई वर्षानुवर्षं अडकून पडते, पुन्हा लग्न करू शकत नाही. धर्मनिरपेक्ष बाई परदेशात लग्न करून काही प्रमाणात वाट काढू शकते. श्रद्धावान बाईला तो पर्याय नको असतो. तिला धर्माच्या आतच न्याय हवा असतो. म्हणून या प्रश्नाची धग तिला सर्वांत जास्त लागते, आणि उपायही तिलाच जास्त नेमका सुचतो.

२०१३ मध्ये हे प्रत्यक्ष दिसलं. रब्बी न्यायाधीश निवडणाऱ्या समितीत बाई असण्याची सक्ती नव्हती. अलिझा लावी आणि शुली मोआलेम-रफाएली या दोन धार्मिक महिला आमदारांनी वेगवेगळ्या पक्षांत असूनही मिळून कायदा बदलून घेतला: समितीचे सदस्य दहाऐवजी अकरा, आणि त्यात किमान चार स्त्रिया. न्यायाधीश अजूनही पुरुषच, पण ते निवडताना आता बायकांचा आवाज असतो.

धर्मपीठाच्या या अधिकाराचा चटका मराठी बोलणाऱ्या ज्यूंनीही सोसला आहे. अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा या कोकणपट्ट्यातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएल लोकांच्या ज्यू असण्याबद्दलच १९६० च्या दशकात शंका घेतली गेली. त्यांचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करा, असा आदेश मुख्य धर्मगुरूंनी १९६२ मध्ये काढला. पिढ्यान् पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या, ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या लोकांना तो अपमान जिव्हारी लागला. त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं, १९६४ मध्ये प्रश्न क्नेसेटपर्यंत गेला, तिने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू असल्याचं ठामपणे सांगितलं आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं. धर्मपीठापुढे एकटं कुटुंब हतबल असतं. संसदेत बाजू घेणारं कुणी असलं की चित्र पालटतं.

न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही का?

केला. अगुदात इस्राएलच्या घटनेत सदस्यत्व पुरुषांपुरतं ठेवणारं कलम होतं. वकील तामार बेन-पोरात आणि स्त्रियांच्या संघटनांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २०१९ च्या सुरुवातीला न्यायालयाने ते कलम बदलायला लावलं. ज्या महिन्यांत यांकेलेविच दुसऱ्या पक्षातून निवडणूक लढवायला निघाल्या, त्याच सुमाराला हा निकाल आला.

पण कलम गेलं तरी प्रथा राहिली. सदस्य होण्याची कायदेशीर आडकाठी काढणं न्यायालयाच्या हातात आहे. अमुक बाईला यादीत पाचव्या क्रमांकावर घ्या, असं ते सांगू शकत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत दोन्ही हरेदी गटांच्या याद्या संपूर्ण पुरुषांच्याच राहिल्या.

‘त्या बायकांनाच हे नको असेल तर?’

अनेकींना नकोच आहे, हे मान्य करायला हवं. आपलं घर, आपली परंपरा, पतीचं अध्ययन यांत समाधान मानणाऱ्या, राजकारण हा चिखल आहे असं मनापासून मानणाऱ्या हरेदी स्त्रिया भरपूर आहेत, आणि त्यांना बिचाऱ्या ठरवण्याचा अधिकार बाहेरच्या कुणाला नाही. पण एखादीला उभं राहायचं नसणं आणि कुणालाच उभं राहू न देणं यांत फरक आहे. पहिली निवड आहे, दुसरी बंदी.

शिवाय समाज आतून बदलतो आहे. कायद्याच्या, संगणकाच्या, हिशेबतपासणीच्या अभ्यासक्रमांत हरेदी मुली मोठ्या संख्येने आहेत. उच्च शिक्षण घेणाऱ्या हरेदी विद्यार्थ्यांत मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. यांकेलेविच राहतात त्या बेत शेमेशमध्ये २०११ साली शाळेत जाणाऱ्या आठ वर्षांच्या धार्मिक मुलीवर, तिचे कपडे पुरेसे शालीन नाहीत म्हणून, कडव्या पुरुषांनी थुंकण्याचा प्रकार घडला होता. त्याच शहरात २०१८ मध्ये अलिझा ब्लोख या राष्ट्रीय धार्मिक शिक्षिका थोडक्या मतांनी हरेदी महापौरांना हरवून महापौर झाल्या. २०२४ मध्ये त्या हरेदी उमेदवाराकडून हरल्या. तिथली वाटचाल अशी मागेपुढे होत असते.

मग यांकेलेविच आज कुठे आहेत?

क्नेसेटमध्ये नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये अर्थसंकल्प मंजूर झाला नाही म्हणून क्नेसेट बरखास्त झालं. नेतन्याहूंबरोबर गेल्याबद्दल मतदारांनी गान्त्झ यांना शिक्षा केली आणि मार्च २०२१ मध्ये त्यांच्या पक्षाला फक्त ८ जागा मिळाल्या. यांकेलेविच त्या निवडणुकीत उमेदवार नव्हत्या. १३ जून २०२१ रोजी नवं सरकार आलं आणि त्यांचं मंत्रिपद संपलं. मंत्रिमंडळात तेरा महिने.

ज्या पद्धतीने त्यांना आत आणलं, तिच्यातच ही कारकीर्द आखूड राहण्याचं कारण आहे. त्यांच्या मागे मतदारसंघ नव्हता, कार्यकर्त्यांची फळी नव्हती, हरेदी वस्तीतली मतपेढी नव्हती. होता तो पक्षप्रमुखाने दिलेला क्रमांक. पक्ष ३५ जागांचा असताना विविधता दाखवायला वाव असतो, आठ जागांच्या पक्षात तो उरत नाही. स्वतःच्या समाजातल्या पक्षाचं बळ पाठीशी असतं, तर पडझडीतही टिकता आलं असतं. आर्ये देरी तुरुंगवास भोगूनही पुन्हा नेतेपदी परतले, ते याच बळावर.

२०२२ मध्ये निवडून आलेल्या क्नेसेटची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पुढच्या निवडणुकीच्या उमेदवार याद्या जाहीर झाल्या की शास आणि तोरा आघाडी यांच्या याद्यांत वरची नावं कुणाची आहेत हे बघा, आणि मग मोठ्या धर्मनिरपेक्ष पक्षांच्या याद्यांत हरेदी बाई कितव्या क्रमांकावर आहे तेही बघा. बाईला हरेदी पक्षाच्या यादीत पहिल्या दहांत जागा मिळाली, तर ती बातमी मंत्रिपदाहून मोठी असेल.